पाटाला पाणी आहे तोवर

टक्. टक् टक्. मग जरा थांबून पुन्हा टक्.

भर दुपारी वीज गेली होती. पंखा बंद होता, आणि घरात इतकी सामसूम होती की गोठ्यातल्या गाईनं माशी उडवायला मारलेला शेपटीचा फटकाराही ऐकू यावा. स्टेला उंबऱ्याशी ताटात डाळ निवडत बसली होती. आधी तिला वाटलं, पत्र्यावर चिमणी उतरली. मग वाटलं, खुंटीवरच्या ढोलकीत पाल शिरली असेल. तिनं मान वर केली. ढोलकी आठ महिन्यांपासून होती तशीच होती. फुलाफुलांच्या जुन्या अभ्र्यात घातलेली, तोंड नाडीनं आवळलेलं.

आवाज खालून येत होता.

तिचा नवरा जस्टिन लोखंडी पेटीला खेटून झोपला होता. उजवा हात पेटीवर पडला होता आणि त्या हाताची बोटं वाजवत होती. आधी एक, मग मधली दोन, मग सगळा पंजा अलगद. तोंड उघडं, ओठाच्या कोपऱ्यात लाळ, छाती संथ वरखाली. माणूस पुरता झोपला होता, बोटं तेवढी जागी होती. लिंबाच्या काट्यांनी ओरबाडलेली, नखांत माती बसलेली बोटं.

स्टेलानं ताट खाली ठेवलं. दोरीवरचा लेकीचा, प्रार्थनाचा, झगा ओढला, त्याची चौघडी केली आणि त्या बोटांखाली सरकवली. आवाज थांबला. बोटं मात्र कापडावर चालतच राहिली, मुकाट.

गेले तीन महिने ती हे करत होती. त्याला एका शब्दानं बोलली नव्हती. काय बोलणार? आवो, तुम्ही झोपलात की तुमच्यातला तो दुसरा उठून बसतो, असं?

पलीकडे सहा वर्षांची प्रार्थना आजीच्या पोटाशी झोपली होती. निदान स्टेलाला तसं वाटलं.

त्या दुसऱ्या माणसाला स्टेला चांगली ओळखत होती. चर्चच्या भजनाला ढोलकी त्याचीच आणि लग्नाच्या वरातीपुढेही त्याचीच. बिभीषणच्या बँडमध्ये तो असला की नवरदेवाचा बापसुद्धा फेटा सांभाळत नाचायचा. बँडवाल्यांची अर्धी बिदागी बाटलीत मिळायची. एकदा काष्टीच्या बाजाराला तो चार वर्षांच्या प्रार्थनाला घेऊन गेला आणि दिवस कलताना परत आला. ढोलकी खांद्याला होती, पोर नव्हती. "पोर कुठंय?" स्टेलानं विचारलं तर तो खांदा चाचपायला लागला, जणू पोर पट्ट्यालाच अडकवलेली होती. शेळ्यांच्या बाजारात भाकरी विकणाऱ्या लंकाबाईनं तिला पदराखाली घेऊन बसवलं होतं, म्हणून सापडली.

पण हाच माणूस पोरीला मांडीवर घेऊन तिच्या पाठीवर ठेका धरायचा आणि ती खिदळत खिदळत झोपी जायची. तेही स्टेलाला आठवत होतं. या दोन्ही आठवणी एकाच माणसाच्या होत्या, हीच तर अडचण होती.

मग दीड वर्षानं, पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणारे ब्रदर कल्याण आले. मागच्या हिवाळ्याच्या तोंडाला पाटाला पाणी सुटलं तेव्हा त्यांनी जस्टिनला पुलाजवळच्या पायऱ्यांवरून आत नेलं, उताणं केलं, बुडवलं आणि वर काढलं. जस्टिन नाकातोंडातून पाणी काढत, रडत बाहेर आला. त्या दिवसापासून थेंब नाही. वरात नाही, बँड नाही. ढोलकी अभ्र्यात गेली.

दारू सुटली. ही काही लहान गोष्ट नव्हती, आणि स्टेला रोज सकाळी देवाचे आभार मानायची. फक्त घरात आता एक सभ्य, गप्प, जपून चालणारा माणूस राहत होता. आपल्याच घरात पाहुण्यासारखा.

चार वाजता वीज आली आणि पंख्यानं सगळ्यांना उठवलं.

"रविवारी नऊला," जस्टिन तोंड पुसत म्हणाला. "ब्रदरचा फोन आल्ता. पाटाला सोमवारपत्तूर पानी हाय. मग दीड महिना खडखडाट. या वक्ताला सात जन हायेत. तुझं नाव दिलंय मी."

स्टेलानं चहाचं आधण ठेवलं. "मला इचारलं न्हाई."

"आठ महिने इचारतोय."

"मी आठ महिने काय म्हनले?"

"बघू म्हनलीस. आता बघ. पानी गेलं की परत बघायचं राहतंय."

सासू मरिया भिंतीला टेकून गुडघे चोळत होती. आयुष्यभर जुन्या चर्चच्या पहिल्या बाकावर बसलेली बाई, पण लेकाच्या दारूनं पिचलेली. "मार बाई एक बुडी आन हो मोकळी," ती म्हणाली. "याची दारू सुटती म्हनल्यावर याला रोज बुडवला तरी मी धरून उभी राहीन. नव्यानं जन्म म्हनत्यात. होऊ दे. मी एकदा घातला जन्माला, सातव्या महिन्यात, बैलगाडीत. दुसऱ्यांदा माझ्याच्यानं व्हायचं नव्हतं. पाटानं केलं, बरं झालं."

"आत्या, तुमी का न्हाई मारत बुडी मग?"

"माझ्यातलं जुनं काढलं तर उरंल काय? नुसतं लुगडं."

प्रार्थना खदखदून हसली. जस्टिनही हसला, पण लगेच ओठ मिटले. हसणंसुद्धा तो हल्ली तपासून घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी दोघं काकासाहेबांच्या बागेत लिंबं तोडायला गेली. मे महिन्याचं ऊन सहालाच अंगावर आलं होतं. झाडाखाली वाकून शिरायचं, काट्यातून हात घालायचा, पिवळं ते घ्यायचं, हिरवं ते ठेवायचं. काटा मनगटात शिरला आणि त्यावर लिंबाचा रस लागला की डोळ्यांत पाणी यायचं. बाया वाटेल ते बोलून हसत राहायच्या, म्हणजे काटा कमी लागतो.

रस्त्याला मोटारसायकल थांबली. बँडवाला बिभीषण होता. गळ्यात सोनेरी चेन, डोक्याला कलप.

"काय जस्टिनराव! लगीनसराई चाललीय आन तुमी लिंबं मोजताय व्हय? बुडल्यापासनं हात आखडले का?"

"हात बरे हायेत," जस्टिन झाडातूनच म्हणाला.

"मग ढोलकी तरी दे. खुंटीला टांगून काय तिचं लोनचं घालतो? मी घेतो."

"द्यायची न्हाई."

"वाजवायची न्हाई, द्यायची न्हाई. आसा कसा तुमचा धरम?" बिभीषणनं किक मारली.

स्टेलानं पाहिलं, जस्टिननं पुढची तीन लिंबं हिरवीच तोडली.

दुपारी मजुरांसाठी काकासाहेबांच्या बायकोनं, ज्ञानेश्वरीबाईंनी, चहा पाठवला. बाकीच्यांना कपबशी, या दोघांना कागदी कप. कागदी कप नवा होता, स्वच्छ होता, आणि त्याबद्दल तक्रार करायला काही जागा नव्हती. काकासाहेब विहिरीच्या कठड्यावर बसून स्टेलाला म्हणाले, "रविवारी तुमची पाळी मी घेतो बरं का."

"कसली पाळी?"

"पाटाच्या पान्याची. सहा ते नऊ तुमची हाय ना? जस्टिन म्हनला, आमचा कार्यक्रम हाय, तुमी घ्या. माझ्या बागंला लागतंच पानी."

स्टेलाच्या हातातला कप वाकला. अर्धा एकर रान. त्यात घास आणि चाऱ्याची मका, आणि त्यावर दोन गाई. मका आत्ताच दुपारची माना टाकत होती. हे पाणी चुकलं तर दीड महिना काही नाही.

"पाळी आमची हाय, आमीच घेनार," ती म्हणाली.

"नवऱ्यानं दिली की."

"मी दिली न्हाई."

काकासाहेबांनी जस्टिनकडे पाहिलं. जस्टिन कागदी कपाच्या तळाकडे पाहत होता. "बघा बाबा तुमचं तुमी," काकासाहेब हसले. "पान्यानं सगळं धुवून निघतं म्हनता, पन पान्यावरनं भांडन काय सुटत न्हाई."

घरी येताना बांधावरून जस्टिन पुढे, स्टेला मागे.

"चार लोकांत माझा शब्द मोडला," तो म्हणाला.

"चार लोकांत माझं पानी दिलं."

"नऊला उपासना हाय. सातला प्रार्थनेला बसायचं असतंय. अंघोळ करून, पांढरं घालून."

"मी सहाला रानात आसंन. नवाला पाटावर येईन. पाळी सोडून येनार न्हाई."

तो थांबला. "म्हंजे येनार हायेस?"

तिला तसं म्हणायचं होतं की नव्हतं, तिचं तिलाच कळेना. पण त्याचा चेहरा असा उजळला की तिनं नाही म्हटलं नाही.

त्याच संध्याकाळी ब्रदर कल्याण घरी आले. पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातला माणूस, पंचवीस वर्षं ऊसतोडणी केलेली. डाव्या अंगठ्यावर कोयत्याचा जुना वण. तेही एके काळी उसाच्या फडात पिऊन पडायचे, हे स्वतःच सांगायचे. बाजेवर बसले, पाणी प्यायले आणि सरळ स्टेलाला म्हणाले, "ताई, मनात काय हाये ते बोला. लोक तोंडावर व्हय म्हनतेत आन पाठ फिरवतेत. मला तसं नको."

"माझा बाप्तिस्मा झालाय, ब्रदर."

"तान्हेपनी."

"व्हय."

"त्यावेळी तुमाला कुनी इचारलं व्हतं का?"

"जन्माला घालतानाबी कोनी इचारलं नव्हतं, ब्रदर."

मरिया खो खो हसत सुटली. कल्याणही हसले, अगदी मनापासून. "हे बरं सांगितलं."

मग स्टेलानं सांगितलं. तिचं माहेर पारनेरकडचं. बाप रंगनाथ चर्चची घंटा वाजवायचा, झाडलोट करायचा. ती जन्मली त्या वर्षी पाऊस झालाच नाही. टँकर चौथ्या दिवशी यायचा, माणशी एक घागर. पाळकसाहेब बाप्तिस्म्याला आले तेव्हा घरात तांब्याभर पाणी होतं. पाळकसाहेबांनी त्यातल्या तीन चुळका तिच्या टाळूवर घातल्या. खाली बापानं परात धरली होती. "उरलेल्या पान्याचा आईनं पाळकसाहेबांना चहा केला," स्टेला म्हणाली. "आन परातीतलं शेळीला पाजलं. थेंब वाया गेला न्हाई. माझा बाप मरंपर्यंत सांगायचा, तहानलेल्या गावानं तुला पानी दिलंय, विसरू नको."

गोठ्यात गाईनं पाय आपटला.

"त्या तीन चुळका खोट्या होत्या का, ब्रदर?"

कल्याणांनी अंगठ्यावरचा वण चोळला. "खोट्या म्हनायला माझी जीभ रेटत न्हाई. पर तो तुमच्या बापाचा इश्वास व्हता, ताई. तुमचा पाह्यजे. आपलं जुनं मानूस पान्यात पुरायचं असतंय. वर येतंय ते नवं. मी कुनाला बुडवीत न्हाई. मानूस बुडूनच माझ्याकडं आलेलं असतंय. मी फकस्त वर काढतो."

"पुरलेलं हलत न्हाई ना?"

"काय म्हनता?"

"काही न्हाई. चहा घ्या."

"ती येनार हाय, ब्रदर," जस्टिन दारातून म्हणाला.

ब्रदर गेल्यावर ती धार काढायला बसली. जस्टिन वासराला धरून उभा राहिला. चरवीत दुधाची धार वाजत होती. तो म्हणाला, "तू आलीस तर मी टिकंन."

"आत्ता काय टिकला न्हाईत?"

"लई जड जातंय गं." तो वासराच्या कानाशी बोलावं तसं बोलला. "घरात तुमी समदे जुने. मी एकटाच नवा. रोज सकाळी उठून आठवावं लागतंय, आपन कोन हाय ते."

तिची बोटं सडावर थांबली. मग पुन्हा चालू झाली.

शनिवारभर तिला कुठं बूड टेकवेना. भाकरी करपल्या. धुतलेली भांडी तिनं परत धुतली. नव्यानं जन्म म्हणजे काय, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. पण जन्म म्हणजे काय, हे तिला सहा वर्षांपूर्वी कळलं होतं. सरकारी दवाखान्यातल्या त्या वीस तासांत. कंबर फाटत होती, पाय थरथरत होते, आणि मग ते रक्तानं माखलेलं लालबुंद पोर. त्याला काही येत नव्हतं. दिसत नव्हतं, ओळखत नव्हतं, मान धरता येत नव्हती. तीन महिने तिचा एक पंजा त्या मानेखाली होता. हात काढला की डोकं मागे कलंडायचं. आणि ही माणसं पाण्यातून वर येतात, डोकं पुसतात, दोन किलोमीटर चालत घरी जातात आणि वरणभात जेवतात. नवा जन्मलेला माणूस त्याच दिवशी चालायला कसा लागतो? की चालतोय असं नुसतं वाटतं, आणि मान तर अजून धरलेली नसते?

हे कोणाला विचारावं, तिला कळेना. मरियाला विचारलं असतं तर तिनं हसण्यावारी नेलं असतं.

रविवारी सहाला सासू-सुना रानात होत्या. पाटातून निघालेल्या चारीचं पाणी गढूळ, फेसाळ, काटक्या वाहत आलं. मरिया वरच्या अंगाला खोरं घेऊन, स्टेला खाली. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बुजवायचं आणि दुसऱ्याचं फोडायचं, पाणी थांबू द्यायचं नाही. तापलेली माती पाणी पिताना चुरचुरत होती. मक्याची पानं एकेक करून उलगडत होती. स्टेलाच्या पोटऱ्या चिखलात, साडीचा काष्टा भिजलेला, तळहाताला जुन्या काट्यांची आग. तीन तास तिला दुसरं काही सुचलं नाही, आणि ते तिला फार बरं वाटलं. शेवटचा वाफा भरायला आला तेव्हा पुलाकडून टाळ्या आणि गाणं ऐकू यायला लागलं.

"जा आता," मरिया म्हणाली. "एवढा मी भरते आन येतेच मागनं. ती बघ, पोर बी बापाबरोबर कवाच गेली."

पुलाजवळ पंचवीसेक माणसं होती. एक टेम्पो, बाभळीच्या सावलीत सतरंजी. प्रार्थना सतरंजीच्या कडेला टॉवेल छातीशी धरून बसली होती. यादी सांभाळणाऱ्या रोहिणी सिस्टरनं स्टेलाकडे वरून खालपर्यंत पाहिलं.

"पाय तरी धुवून यायचं, ताई."

"पान्यातच चाललेय ना."

तिला पांढरा झगा दिला. तिनं तो चिखलाच्या साडीवरच चढवला. आधीचे सहा जण होऊन गेले होते. अंग पुसत, डोळे पुसत बसले होते. एका म्हातारीचा चेहरा इतका शांत दिसत होता की स्टेलाला तिचा हेवा वाटला. खरोखरच काहीतरी झालं होतं तिला. खोटं नव्हतं ते.

पायऱ्यांवर शेवाळ होतं. पाटाचं पाणी कमरेला लागलं तसा झगा फुगला आणि धार तिला पुलाखाली ओढायला लागली. डाव्या बाजूनं कल्याणांनी दंड धरला. उजव्या बाजूनं जस्टिननं. पत्नीला आत न्यायचा मान त्यानं मागून घेतला होता.

"बोला ताई. येशू तुमचा तारनारा हाये?"

"हाय."

"मनापासून?"

"कळायला लागल्यापासून."

"मागचं समदं, जुनं मानूस, या पान्यात सोडून..."

तेव्हा तिला दंडावर कळलं. जस्टिनची बोटं. आधी एक, मग मधली दोन, मग पंजा. जागेपणी, भर उन्हात, पंचवीस माणसांसमोर. त्याला स्वतःला पत्ता नव्हता. तिनं वळून पाहिलं. ओठ पांढरे पडले होते आणि डोळे वाहत्या पाण्यावर खिळले होते. आठ महिन्यांत पहिल्यांदा तो याच पायऱ्यांवर उतरला होता. तो घाबरला होता. नुकतं जन्मलेलं पोर हाताला लागेल ते बोट घट्ट धरतं, तसं त्यानं तिला धरलं होतं.

"थांबा, ब्रदर," ती म्हणाली.

टाळ्या बंद झाल्या.

"माझ्या डोक्यावर माझ्या गावाचं पानी हाय. त्याच्यावर दुसरं मी घेनार न्हाई." तिनं पायरीवर पाय रोवले. "पन मी बाहेरबी जानार न्हाई. हे हितं नवे झाले ना? मग मी हितं यांच्यासंगं उभी राहते. तुमी गानं म्हना."

"ताई, असं कुनी करीत न्हाई," कल्याण हळूच म्हणाले.

"मला दुसरं काही करता येईना, ब्रदर."

जस्टिननं हात सोडला. "स्टेला," तो दातांतल्या दातांत म्हणाला. "लोक बघत्यात."

धार जोराची होती. त्याचा पाय शेवाळावरून सरकला. स्टेलानं आपला पंजा त्याच्या मानेखाली घातला, केसांच्या मुळाशी, आणि धरला. चार लोकांत नवऱ्याची मान धरणारी बाई त्या पाटावर कोणी पाहिली नसेल. तो ताठला. मग क्षणभर, अगदी क्षणभर, डोक्याचा सगळा भार त्यानं तिच्या हातावर टाकला.

कल्याणांनी दोघांकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि स्वतःच गाणं धरलं. काठावरच्या दोघातिघांनी साथ दिली, बाकीचे गप्प. दोन कडवी झाली. तिसऱ्याला जस्टिननं मान झटकली आणि पायऱ्या चढून निघून गेला.

झगा परत देताना रोहिणी सिस्टर बाजूच्या बाईला ऐकू जाईल असं म्हणाली, "कंबरेपर्यंतचा बाप्तिस्मा बघितला का कधी?"

खोरं खांद्यावर टाकून मरिया नुकतीच पोचली होती. "तुमचा डोक्यावरनं झालाय ना, बाई? तरी जीभ कोरडीच राह्यली म्हनायची," ती म्हणाली आणि प्रार्थनाचं बोट धरून चालायला लागली.

घरी पोचल्या तेव्हा खुंटी रिकामी होती. दारातली सायकल नव्हती.

"काष्टीच्या रस्त्यानं गेला," शेजारच्या वस्तीवरच्या रामहरीनं सांगितलं. "क्यारेजला काहीतरी बांधल्यालं हुतं. मी हाक मारली, थांबला न्हाई."

बिभीषणचं घर काष्टीला. बँडवाल्यांची बसायची जागाही तिथंच, दारूच्या दुकानाच्या मागे. मरियानं खोरं कोपऱ्यात ठेवलं. ते घसरून पडलं, तिनं उचललं नाही.

स्टेलानं गोठा झाडला. मग पुन्हा झाडला. गाईंना पाणी दाखवलं, त्यांना नको होतं. चूल पेटवली आणि काय करायचं ते आठवेना म्हणून विझवली. माझ्यामुळं गेला, हे तिच्या डोक्यात घोंगावत होतं. तीन चुळका पाण्याचा अभिमान. एक बुडी मारली असती, डोकं भिजलं असतं, वाळलं असतं. बापाला कुठं कळणार होतं? तो तर पारनेरच्या मातीत दोन वर्षं झोपलेला. ती दर पाच मिनिटांनी रस्त्यापर्यंत जात होती आणि परत येत होती. चप्पल घालायची आठवण राहत नव्हती, तळपाय भाजत होते.

"येईल," मरिया म्हणाली. मग थोड्या वेळानं, "न्हाई आला तर आपन तिघी हायोत." आणि मग तोंड फिरवून पदर डोळ्याला लावला.

तीन वाजता सायकलची घंटी वाजली. कॅरिअर रिकामं होतं. जस्टिन घामानं निथळत होता. चालणं सरळ होतं, पण कधी कधी तो पिऊनही सरळच चालायचा. सायकल घ्यायचं निमित्त करून स्टेला जवळ गेली आणि श्वास आत ओढला.

त्यानं ते पाहिलं. हँडल सोडलं, तिच्या तोंडासमोर आला आणि तोंड उघडून तिच्या चेहऱ्यावर "हाऽऽ" करून श्वास सोडला. "घे. नीट घे वास."

उन्हाचा, उपाशी पोटाचा वास होता. दुसरा नव्हता.

स्टेलाची मान खाली गेली. आजच्या दिवसातली सगळ्यात मोठी लाज ही होती.

"बिभीषनला देऊन आलो," तो म्हणाला. "पैशे न्हाई घेतले. बस म्हनला, घोटभर घे. ग्लास भरला त्यानं. म्होरं ठिवला. मी बघत बसलो." त्यानं मनगटानं घाम पुसला. "मग उठलो."

तिनं सायकल भिंतीला टेकवली.

"लोकांत मान कशाला धरली?"

"पडाल असं वाटलं."

त्यानं खुंटीकडे पाहिलं. अभ्रा खाली गोळा होऊन पडला होता. "पडलो असतो," तो म्हणाला.

तिनं ताट वाढलं. तो दोन भाकरी जेवला. मरियानं त्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि बाहेर गेली. मग तो पेटीशी आडवा झाला आणि बघता बघता झोपला. त्याला काय वाटलं, तो उद्या कल्याणांकडे जाईल की नाही, तिच्याशी पहिल्यासारखा बोलेल की नाही, काहीच कळायला मार्ग नव्हता. पाटाला उद्यापर्यंत पाणी होतं.

प्रार्थना भिंतीकडे तोंड करून पडली होती. स्टेलानं डाळीचं ताट पुढे ओढलं. वीज पुन्हा गेली, पंखा फिरत फिरत थांबला.

टक्. टक् टक्.

स्टेलानं अभ्रा उचलला, घडी केली आणि पुढे सरकली.

"मम्मी."

पोर कुशीवर वळली होती. डोळे टक्क उघडे, झोपेचा मागमूस नाही.

"झोप, बाळा."

"पप्पा पाण्यात बुडून नवीन झाले ना?"

"हो."

"आणि ढोलकी पण देऊन टाकली ना?"

"हो गं."

स्टेलाच्या हातात घडी तशीच राहिली. प्रार्थना कोपरावर उठली आणि बापाच्या हाताकडे पाहत, त्याला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली,

"मग हे रोज झोपेत कोण वाजवतं?"